पुढच्या चाकातली हवा

“दस्तगीर, एकदा काय ते सांगून टाक. गाडी जड झालीय, का माझे हात गेलेत?”

खरमाटे अण्णांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याच गाडीखाली उताणा पडलो होतो. तीन महिन्यांत पाचव्यांदा. मी खालूनच ओरडलो, “हात? अण्णा, तुमचे हात लोखंडाचे आहेत! दोष गाडीतच आहे. आज सापडला नाही तर दस्तगीर मुल्लाणी नाव लावणार नाही!”

वरून एक सुस्कारा तेवढा ऐकू आला. मला वाटलं, माणसाच्या जिवाला बरं वाटलं.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. तेव्हा माझं वय छत्तीस, विट्यात खानापूर रोडला स्वतःचं गॅरेज, आणि घमेंड एवढी की पत्र्याच्या शेडमध्ये मावत नव्हती. समोरच पोपट मिस्त्रीचं गॅरेज होतं. आम्ही एकमेकांना रोज नमस्कार करायचो आणि रोज एकमेकांचं वाटोळं व्हावं म्हणायचो.

अण्णा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. एकतीस वर्षं लाल गाडी चालवली, पण कुणाच्या कोंबडीला धक्का लागला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. तो ते लग्नाकार्याला शर्टावर लावायचे, बारशालाही लावायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. दर रविवारी अण्णा आणि अंजिराकाकी त्या गाडीतून लेंगऱ्याला मुलीकडं जायचे. मुलीला नुकताच मुलगा झाला होता. काकी गाडीत सूचना द्यायला लागल्या की अण्णा एसटीतली पाटी म्हणून दाखवायचे, “गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.”

आणि श्रावणात एके दिवशी अण्णा माझ्याकडं आले. म्हणाले, “स्टीअरिंग जड झालंय रे. वळताना खांदा निखळतोय.”

मी म्हटलं, किरकोळ काम आहे. चाकामागचे सगळे सांधे ग्रीसनं भरले, गाडी रस्त्यावर काढून बघितली, एका बोटानं वळत होती. अण्णांच्या ताब्यात दिली. पंधरा दिवसांनी अण्णा परत हजर. “जड झालंय.”

दुसऱ्या खेपेला स्टीअरिंग बॉक्स खोलला, तेल बदललं. गाडी लोण्यासारखी. वीस दिवसांनी अण्णा हजर. तिसऱ्या खेपेला रॉडचे बॉल जॉइंट नवे घातले. चौथ्या खेपेला स्टीअरिंगचा अख्खा दांडा बाहेर काढून बुश बदलले. दरवेळी माझ्याकडून जाताना गाडी वाऱ्यावर, आणि महिना उलटायच्या आत घामाघूम झालेले अण्णा दारात. समोरून पोपट मिस्त्री ओरडायचा, “दस्तगीर, अण्णांना इथंच खोली बांधून दे की!” त्यावर मी काय बोलायचो ते छापण्यासारखं नाही.

आता माझी एक सवय सांगतो, कारण सगळं पाणी तिथंच मुरत होतं. माझे उस्ताद मिरजेचे. त्यांनी शिकवलेला पहिला धडा असा: गाडी दारातून आत आली की आधी चारी चाकांत हवा मार. काम काय का असेना. “गिऱ्हाइक परत जाताना गाडी हलकी पळते. त्याला वाटतं, उस्तादाच्या हातात जादू आहे.” मी वीस वर्षं तेच करत होतो. कॉम्प्रेसर चालू करायचा, नळी लावायची, हातोडी मारून टायरचा आवाज ऐकायचा, झालं. किती हवा होती, किती भरली, इकडं लक्षच नसायचं. जेवायच्या आधी हात धुवावे तसं ते काम होतं.

तर पाचवी खेप. गाडीखाली काही सापडलं नाही. मी बाहेर आलो. अण्णा स्टुलावर बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर उघडे टाकून त्यांच्याकडं बघत.

“सापडलं?”

“अण्णा, गाडी राहू द्या आज. उद्या सांगतो.”

“सांग बाबा. पण काय असेल ते स्पष्ट सांग. गाडीत दोष नसला तर माझ्यात आहे म्हण. मी ऐकून घेईन.”

“काय बोलता अण्णा! तुम्ही अजून दहा वर्षं मुंबईची ट्रिप माराल!”

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची पेन्शनच बंद केली होती. मग उठून चालत घरी गेले.

मला त्या माणसाची लई काळजी वाटली. ड्रायव्हर माणूस, स्टीअरिंग सुटलं तर उरतो काय? आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही काळजी वाटली. मी गाडी काढून एक फेरी मारायला निघालो. पहिल्याच वळणावर माझा खांदा कचकन बोलला. स्टीअरिंग जड! रेड्याची मान वळवावी तसं जड! तीन महिन्यांत पहिल्यांदा ती गाडी मला जड लागली होती, आणि मला एवढा आनंद झाला की भर रस्त्यात मी हॉर्न वाजवला.

गाडी बाजूला लावली. आज वेगळं काय झालं? सकाळपासून काय काय केलं ते आठवत उभा राहिलो. आणि आठवलं. माझा कॉम्प्रेसर कालपासून जळलेला होता. आज हवा मारली नव्हती.

पुढच्या डाव्या चाकाला लाथ मारली. मऊ. उजव्याला मारली. मऊ. मागची दोन्ही टणक.

रस्त्याच्या कडेला बसून मी कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने बॉक्स खोलला, दांडा काढला, नट न् नट मोजला, आणि शेवटी काय, तर हवा! सायकलवाल्या पोराला कळेल ते मला कळलं नव्हतं. मीच गाडी आत आल्याआल्या आजार बरा करत होतो, आणि मग दिवसभर त्याला शोधत होतो.

आणि कॉम्प्रेसर नाही, म्हणजे हवा मागायला जायचं कुणाकडं? पोपट मिस्त्रीकडं. गेलो. नाक मुठीत धरून गेलो.

पोपटनं नळी लावली, माप बघितलं. “अठ्ठावीस पाहिजे, इथं दहा आहे. दस्तगीर, तीन महिने तू काय खोलत होतास रे?”

“तू हवा मार गप.”

“मारतो की. पण पंक्चर नाही, व्हॉल्व गळत नाही. मग पुढचीच दोन चाकं बरोबर दहावर कशी? हवा काय आपल्या पायानं उतरून जाते?”

बोलला दुष्मन, पण मुद्द्याचं बोलला. कुणीतरी मुद्दाम हवा सोडत होतं. मला गल्लीतल्या कुणाचा तरी संशय आला. संध्याकाळी गाडी अण्णांच्या दारात लावून आलो आणि मनाशी ठरवलं, चोर पकडल्याशिवाय चैन नाही.

दोन दिवस सकाळी जाऊन बसलो, काही नाही. तिसऱ्या दिवशी साडेसहाला अण्णांच्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर बसलो. आतून अण्णांच्या आंघोळीचा आवाज येत होता. दार उघडलं. अंजिराकाकी तुळशीला पाणी घालायला तांब्या घेऊन बाहेर आल्या. पाणी घातलं, हात जोडले. इकडं तिकडं बघितलं. मग गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसल्या, टोपण काढलं, आंबाड्यातला आकडा उपसला आणि व्हॉल्वमध्ये दाबला. फुस्सस्स.

मी कट्ट्यावरून पडायचाच राहिलो. धावत गेलो. “काकी!”

“आई गं!” काकी दचकल्या, पण आकडा सोडला नाही. हवा चालूच. “हळू बोल मेल्या! ते आंघोळीला बसलेत.”

“अहो, तुम्ही? तीन महिने मी गाडीचा कोथळा बाहेर काढला, अन् तुम्ही हवा सोडत होता?”

“मग तू भरत कशाला होतास?” काकी माझ्यावरच उखडल्या. “मी सोडतेय, तू भरतोयस! मी सोडतेय, तू भरतोयस! तुला अक्कल हाय का?”

मी खाली बसलो. मग काकींचा आवाजच बदलला.

“बाबा, यांना बाजूचं दिसत नाही रे. नागपंचमीला लेंगऱ्याच्या रस्त्यावर डावीकडनं बैलगाडी आली. मला दिसली, यांना नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक मारला. बैलाचं शिंग काचेला लागायचं राहिलं. गाडीवानाजवळ एवढंसं लेकरू बसलं होतं. आणि हे मला म्हणतात, चालकाशी बोलू नये.”

“मग अण्णांना सांगा की स्पष्ट.”

“काय सांगू? डोळे गेले तुमचे? तो बिल्ला रोज पुसून ठेवतो तो माणूस. अंथरूणच धरतील. मी म्हटलं, गाडीच जड झाली तर आपोआप सोडतील, माझ्या तोंडून काही नको. अन् उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर? एकतीस वर्षांचं सगळं मातीत. ते जिवंत राहायचे नाहीत.” काकींनी पदर डोळ्याला लावला. “नातवाचं तोंड बघून तीन महिने झाले मला. गाडी बिघडलीय म्हणून हे नेत नाहीत, अन् एकटीनं एसटीनं निघाले की यांना अपमान वाटतो.”

मी म्हटलं, “मी काय करू सांगा.”

“सांग त्यांना, पार्ट खराब झालाय, मिळत नाही. गाडी विका म्हण. आणि हे माझ्याकडनं कळलं असं बोलशील तर तुझ्या उस्तादाची शपथ.”

शपथ घेतली. आतून बादली वाजली, तशा काकींनी दुसऱ्या चाकाची हवा भराभर सोडली आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

त्याच दिवशी दहाला अण्णा आले. घामाघूम. “जड झालंय.”

मी पाना हातात घेतला, बॉनेट उघडलं, आत तोंड घातलं. माणसाकडं बघून खोटं बोलणं मला जमत नाही. “अण्णा, आता सापडलं बघा. स्टीअरिंग बॉक्समधला पार्ट गेलाय. सगळीकडं फोन केले. कुठंच मिळत नाही. माझं ऐकाल तर गाडी...”

“दस्तगीर, बाहेर ये.”

बाहेर आलो.

“पाना उलटा धरलायस.”

मी पाना सुलटा केला. अण्णांनी खिशात हात घातला आणि बॉनेटच्या कडेवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. केसातले आकडे. एक, दोन, तीन... सात.

“हे सगळे पुढच्या चाकापाशी घावले. ती घाईत उठते अन् विसरते.”

“म्हणजे तुम्हाला...”

“अरे गाढवा, एकतीस वर्षं डेपोतनं गाडी काढायच्या आधी सहा चाकांना दांडकं मारून बघितलंय मी. चाकात हवा कमी हाय हे मला सीटवर बसल्या बसल्या ढुंगणाला कळतं. अन् तुला वाटलं, मला कळत नाही?”

“मग पहिल्याच दिवशी का नाही बोलला?”

अण्णा स्टुलावर बसले. “बैलगाडीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच मिरजेला जाऊन आलो. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू. बाजूची नजर गेली ती परत येत नाही म्हणाला. समोरचं तेवढं टिकवू, थेंब घालत राहा. घरी येऊन तिला सांगणार होतो. तोंडच उघडेना. अन् सकाळी बघतो तर पुढची दोन्ही चाकं बसलेली, अन् हिचा आकडा खाली पडलेला. मी ओळखलं. तिच्यानं बोलवत नव्हतं, माझ्यानंही नव्हतं. म्हटलं, दस्तगीर तरी म्हणेल, अण्णा, आता तुमच्यानं होत नाही, स्टीअरिंग सोडा. दर पंधरा-वीस दिवसांनी हळूहळू, कडेकडेनं तुझ्याकडं येत होतो रे. घर ते गॅरेज, दुसरीकडं कुठं नाही. अन् तू? दरवेळी गाडी लोण्यासारखी करून हातात देतोस, वर म्हणतोस, तुमचे हात लोखंडाचे आहेत!”

तोबा तोबा! मी त्या माणसाला दिलासा देत होतो आणि तो मनातल्या मनात माझ्या नावानं बोटं मोडत होता.

“चुकलो अण्णा. आता म्हणतो. तुमचा खांदा गेला. स्टीअरिंग सोडा.”

“आता कसं बोललास!” अण्णांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी आकडे गोळा करून खिशात ठेवले. “पण गाडी विकायची नाही. तिला नातवाकडं जायचंय. ड्रायव्हर बघावा लागेल.”

“कोण बघू?”

“ज्या बाईला हवा सोडता येते, तिला गाडी चालवता येते. तिला शिकव. अन् मला हे सगळं माहीत हाय असं तिला सांगितलंस तर याद राख.”

म्हणजे एकाच दिवसात एकाच घरातल्या दोन शपथा माझ्या गळ्यात. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन दोघांसमोर निकाल सांगितला. पार्टबिर्ट काही नाही, अण्णांच्या खांद्याला स्टीअरिंग सोसत नाही, त्यांनी गाडी चालवू नये. काकींनी पदराआडून मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. मग अण्णा म्हणाले, “ठीक हाय. मग ही चालवेल.”

“कोण?” काकींनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

“तूच. चाळीस वर्षं भाकरी थापून तुझे दंड माझ्यापेक्षा बळकट झालेत.”

“अगंबाई! वय काय माझं? लोक काय म्हणतील?”

“लोक बाजूला सरकतील,” अण्णा म्हणाले.

दोन दिवस काकी नाहीच म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, नातू पालथा पडायला लागला म्हणून. रविवारी सकाळी मी गाडी काढून दोघांना मार्केट यार्डाच्या मोकळ्या पटांगणात घेऊन गेलो. निघालो आणि पहिल्याच वळणावर माझा खांदा बोलला. मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर काकी खिडकीबाहेर बघत होत्या. अण्णा न जाणो स्वतःच गाडी घेऊन निघतील, म्हणून त्यांनी त्याही सकाळी आपलं काम चोख केलं होतं.

पटांगणात काकी स्टीअरिंगवर बसल्या, पदर कमरेला खोचला. शेजारी अण्णा, शर्टाला बिल्ला. मागं मी, दोन्ही हातांनी सीट धरून. काकींनी चाक फिरवायला घेतलं आणि ओरडल्याच.

“अगंबाई! हे खरंच जड हाय की हो! हलतच नाही!”

“हलेल कसं?” अण्णा शांतपणे म्हणाले. “ड्रायव्हरनं बसायच्या आधी चाकं बघायची असतात. पुढच्या चाकांत हवा कमी दिसतेय.”

काकी मिरचीसारख्या लाल झाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं. मग उतरलो, डिकीतला पायपंप काढला आणि दोन्ही चाकं भरली. या कामाला मी घाम गाळायला तयारच होतो.

मग गाडी सुरू झाली. दोनदा बंद पडली, एकदा बेडकासारखी उडाली, आणि तिसऱ्या फेरीला सरळ निघाली. काकी दात आवळून पुढं बघत होत्या. गचक्यांनी त्यांचा आंबाडा सुटला, केस तोंडावर यायला लागले.

“थांबा, मला काही दिसेना!”

“थांबू नको, चालव. बाजूचं मला दिसत नाही, तूच बघ.” अण्णा हे अगदी सहज बोलले. त्यांनी खिशातून एक आकडा काढून तिच्यासमोर धरला. “हा घे. लाव केसाला.”

काकींनी एका हातानं आकडा घेतला. “हा तर माझाच. कुठं घावला तुम्हाला?”

“चाकापाशी.”

गाडी अख्ख्या पटांगणाची एक फेरी मारून आली. मग काकींनी विचारलं, “कधी?”

“नागपंचमी झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी.”

काकींचे डोळे भरून आले, ते मला आरशात दिसलं. तोंडानं आकडा उघडून त्यांनी आंबाड्यात खोचला. अण्णा आणखी काहीतरी सांगणार होते, बहुतेक डॉक्टरचं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकी म्हणाल्या, “गप बसा आता. चालकाशी बोलू नये.”

आणि पटांगणाच्या फाटकातून त्यांनी गाडी सरळ लेंगऱ्याच्या रस्त्याला घातली.